अपयश मान्य करणारे आरंभक : वर्गरचनेतील एक प्रश्न आणि धानाच्या पीकनोंदीचे उदाहरण

१. विषयप्रवेश

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा होय. भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर या सातही तालुक्यांत खरिपाचे मुख्य पीक धान हेच आहे. या पिकाची नोंद पूर्वी तलाठी आपल्या दप्तरात करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणीचा उपक्रम राज्यभर सुरू झाला आणि शेतकऱ्याने स्वतः बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून, मोबाइलमधील ॲपच्या साहाय्याने, पिकाचे छायाचित्र व ठिकाण यांसह ही नोंद करावी, अशी पद्धती रूढ झाली. सातबारा उताऱ्यातील गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई आणि आधारभूत किमतीने होणारी धानखरेदी या सर्व व्यवहारांत या नोंदीला महत्त्व आहे. २०२४-२५ च्या खरिपासाठी सामान्य धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २३०० रुपये ठरविण्यात आली होती. हे ध्यानात घेतले म्हणजे एका चुकीच्या नोंदीचे मोल किती असू शकते, याची कल्पना सहज येईल.

अशा प्रकारची ॲपे लिहिणाऱ्यापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. भरलेली माहिती सदोष असेल, तर नोंद निर्माण करावी की नाही? आणि निर्माण करावयाची नसेल, तर निर्मितीचे काम अर्ध्यावर आले असताना ते मागे कसे घ्यावे? आयफोनसाठी वापरल्या जाणाऱ्या स्विफ्ट या भाषेत या प्रश्नाचे जे उत्तर देण्यात आले आहे, त्याचे स्वरूप विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखात उदाहरणादाखल घेतलेले वर्ग विवेचनाच्या सोयीसाठी कल्पिलेले असून कोणत्याही शासकीय ॲपच्या अंतर्गत रचनेशी त्यांचा संबंध नाही, हे आरंभीच स्पष्ट करणे इष्ट आहे.

२. वर्ग, वस्तू आणि आरंभक

‘वर्ग’ ही कल्पना आज्ञावलीच्या शास्त्रात प्रथम रुजविली ती नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगोर्ड यांनी, आपल्या सिम्युला ६७ या भाषेच्या द्वारे. वर्ग म्हणजे एखाद्या जातीच्या वस्तूंचा आराखडा आणि वस्तू म्हणजे त्या आराखड्याबरहुकूम संगणकाच्या स्मृतीत उभी राहिलेली प्रत्यक्ष रचना. ‘पीकनोंद’ हा एक वर्ग मानला, तर त्यात गट क्रमांक, पिकाचे नाव, पेरणीखालील क्षेत्र आणि अक्षांश-रेखांश हे गुणधर्म साठविलेले असतील. कोरडे छापील प्रपत्र आणि भरलेले प्रपत्र यांत जो फरक, तोच स्थूलमानाने वर्ग आणि वस्तू यांत आहे.

वस्तू निर्माण होताना तिचे सर्व गुणधर्म प्रथम भरून देणारा जो आज्ञासमूह, त्यास आरंभक म्हणतात. स्विफ्टमध्ये तो ‘इनिट’ या शब्दाने लिहिला जातो. त्याच्यावर एक कडक बंधन आहे : आरंभकाचे काम संपले, की एकही गुणधर्म रिकामा राहता कामा नये. हे बंधन पाळले गेले आहे की नाही, हे संकलक आज्ञावली चालविण्यापूर्वीच तपासतो. परिणामी, पुढे ज्याच्या हाती ती वस्तू येईल त्याला ‘ही पूर्ण आहे ना?’ असे पुनःपुन्हा विचारावे लागत नाही. आरंभकाचे सारे महत्त्व या आश्वासनात आहे.

तथापि गुणधर्म भरलेले असणे वेगळे आणि ते ग्राह्य असणे वेगळे. क्षेत्राच्या रकान्यात उणे संख्या भरली, तर रकाना रिकामा राहत नाही हे खरे. पण नोंद निरर्थक होते. येथूनच आपल्या प्रश्नाला सुरुवात होते.

३. तीन अपुरे मार्ग

सदोष माहितीपुढे लेखक सामान्यतः तीनपैकी एक मार्ग पत्करतो. तिन्हींचे दोष पाहिल्यावाचून चौथ्याची आवश्यकता पटणार नाही.

पहिला मार्ग सांकेतिक मूल्याचा. माहिती मिळाली नाही, तर तिच्या जागी शून्य लिहावे. समजा, आकाश ढगाळ आहे, शेत झाडीत आहे आणि मोबाइलला उपग्रहांकडून ठिकाण मिळाले नाही. लेखकाने अक्षांश शून्य व रेखांश शून्य असे लिहून नोंद पुरी केली. भंडारा शहर सुमारे २१.१७ अंश उत्तर अक्षांश व ७९.६५ अंश पूर्व रेखांश यांवर वसलेले आहे. शून्य-शून्य हा बिंदू मात्र आफ्रिकेच्या पश्चिमेस, गिनीच्या आखातात, भर समुद्रात येतो. लाखांदूर तालुक्यातील धानाची बांधी अटलांटिक महासागरात जाऊन पडली, तरी संगणकाच्या दृष्टीने ती नोंद पूर्णच असते. दोष येथे लपतो आणि कितीतरी महिन्यांनी, पडताळणीच्या वेळी, भलत्याच ठिकाणी उघडकीस येतो.

दुसरा मार्ग खुणेचा. नोंद करावी, परंतु तिच्यात ‘ग्राह्य आहे किंवा नाही’ असा एक जादा गुणधर्म ठेवावा. हा मार्ग वरकरणी समंजस वाटतो. पण तो आरंभकाचे आश्वासनच मोडून टाकतो. आता नोंद वापरणाऱ्या प्रत्येकाने खूण पाहण्याची आठवण ठेविली पाहिजे, आणि शंभर ठिकाणांपैकी एका ठिकाणी ती राहून गेली, की अग्राह्य नोंद ग्राह्य नोंदींत मिसळते.

तिसरा मार्ग आज्ञावली तेथेच थांबविण्याचा. दोष लपत नाही, हा त्याचा गुण होय. परंतु धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाने गट क्रमांक लिहिताना एक अंक चुकविला, म्हणून ॲप अचानक बंद पडावे आणि त्याने भरलेली बाकीची माहितीही नाहीशी व्हावी, हे न्याय्य नव्हे. लेखकाच्या स्वतःच्या चुकीसाठी आज्ञावली थांबविणे योग्य ठरेल. वापरणाऱ्याच्या साध्या चुकीसाठी नाही.

४. चौथा मार्ग : ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

चौथा मार्ग असा : आरंभकाला वस्तू देण्यास नकार देण्याची मुभा असावी आणि तो नकार देऊ शकतो, हे त्याच्या स्वरूपावरूनच सर्वांस कळावे. ॲपलने २ जून २०१४ रोजी स्विफ्ट भाषा जाहीर केली आणि त्याच वर्षी, १.१ या आवृत्तीत, अशा आरंभकांचा तिच्यात समावेश झाला. ‘इनिट’ या शब्दापुढे प्रश्नचिन्ह लिहिले, की तो आरंभक अपयशी होऊ शकणारा ठरतो. तपासणीत दोष आढळला, तर तो ‘निल’, म्हणजे ‘काही नाही’, हे परत देतो.

नकाराची ही कल्पना नवीन नव्हती. स्विफ्टच्या पूर्वी ॲपलच्या ॲपांसाठी वापरात असलेल्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेतही आरंभक निल परत देत असत. परंतु तेथे कोणता आरंभक नकार देऊ शकतो आणि कोणता नाही, हे भाषा सांगत नसे. ते परिपाठावर व कागदोपत्री वर्णनावर सोडलेले होते. शिवाय त्या भाषेत निलला दिलेली आज्ञा मुकाट्याने वाया जाई. तक्रार होत नसे. मूल्य नसल्याची खूण मूल्यासारखीच वावरू देण्याचे हे धोरण टोनी होअर यांच्या १९६५ मधील शून्य-संदर्भाच्या कल्पनेपर्यंत मागे नेता येते. स्वतः होअर यांनी २००९ मध्ये तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले.

स्विफ्टमध्ये अपयशी होऊ शकणाऱ्या आरंभकाकडून ‘पीकनोंद’ मिळत नाही. ‘पीकनोंद असेल वा नसेल’ असे वैकल्पिक मूल्य मिळते. ही दोन मूल्ये संकलकाच्या लेखी भिन्न जातींची आहेत. वैकल्पिक मूल्य उघडून, आत नोंद आहे याची खात्री केल्यावाचून तिचा गट क्रमांक विचारताच येत नाही. खूण पाहण्याची जी जबाबदारी दुसऱ्या मार्गात माणसाच्या स्मरणशक्तीवर होती, ती येथे संकलकाने आपल्याकडे घेतली आहे. एकदा उघडून हाती आलेली नोंद मात्र ग्राह्यच असते. तिच्याविषयी पुन्हा शंका घेण्याचे कारण उरत नाही.

वैकल्पिक मूल्य उद्गारचिन्हाने बळेच उघडण्याची सोयही भाषेत आहे. आत काही नसेल, तर आज्ञावली तत्क्षणी थांबते. तिसऱ्या मार्गाचे सर्व दोष या एका चिन्हाने परत येतात. म्हणून बाहेरून आलेल्या माहितीच्या बाबतीत त्याचा वापर टाळणेच श्रेयस्कर होय.

५. वर्गांची विशेष अडचण

येथवरचे विवेचन स्ट्रक्ट व वर्ग या दोन्ही प्रकारच्या रचनांस सारखेच लागू आहे. पण वर्गाच्या बाबतीत एक अडचण अधिक होती आणि तिचा उलगडा शास्त्रीय दृष्ट्या मनोरंजक आहे.

स्ट्रक्ट हे मूल्य-प्रकारचे असते, तर वर्गाची वस्तू संदर्भ-प्रकारची असते. तिच्यासाठी स्मृतीत वेगळी जागा राखली जाते, तिला किती जण धरून आहेत याची मोजदाद ठेविली जाते आणि शेवटच्याने तिला सोडले, की तिचा विसर्जनविधी चालतो. हा विधी ‘डीइनिट’ या नावाने लिहिता येतो. त्यात उघडलेली फाइल बंद करणे, घेतलेले साधन परत करणे, अशी कामे येतात. त्यानंतर एकेक गुणधर्म मोकळा करून जागा परत केली जाते. हा सगळा विधी एक गोष्ट गृहीत धरून चालतो : वस्तू पूर्ण झालेली आहे.

आता आरंभकाने पाचपैकी दोनच गुणधर्म भरले असताना नकार दिला, तर काय करावे? नेहमीचा विसर्जनविधी चालविला, तर तो न भरलेले तीन गुणधर्मही मोकळे करू पाहील आणि तेथे काय सापडेल याचा नेम नाही. विधी अजिबात न चालविला, तर भरलेले दोन गुणधर्म व राखलेली जागा कायमची अडकून पडेल. मामा तलावाची पाळ घातली पण सांडवा बांधावयाचा राहिला, अशा स्थितीत काम सोडावे लागले, तर पाडणाऱ्याजवळ पूर्ण तलावाचा नकाशा असून चालत नाही. काय बांधून झाले आहे याची नेमकी यादी लागते. अर्धवट वस्तूच्या विसर्जनाचेही तसेच आहे.

आरंभीच्या आवृत्त्यांत संकलकाजवळ वर्गांसाठी अशी यादी ठेवण्याची पुरी व्यवस्था नव्हती. म्हणून एक नियम करण्यात आला : वर्गाच्या आरंभकाने आपले सर्व गुणधर्म भरावेत, मूलवर्गाचा आरंभक बोलवावयाचा असल्यास तोही बोलवावा आणि मगच नकार द्यावा. स्ट्रक्टला मात्र केव्हाही नकार देता येई. या नियमाची विसंगती उघड आहे. गट क्रमांक रिकामा आहे हे पहिल्याच ओळीत कळले, तरी तो रिकामा क्रमांक वस्तूत भरावा, बाकीचे गुणधर्म कशाने तरी भरावेत आणि मग वस्तू टाकून द्यावी! ज्या गुणधर्मास भरण्याजोगे मूल्यच नाही, त्याची जात बदलून तो ‘बळेच उघडणारा वैकल्पिक’ असा घोषित करण्याची पळवाट तेव्हा अनेकांनी पत्करली. आरंभकाच्या एका अडचणीपायी वर्गाच्या संपूर्ण आयुष्यभराचे आश्वासन सैल करण्यासारखेच ते होते.

मार्च २०१६ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीने हे बंधन दूर केले. नकार ज्या ज्या ठिकाणी संभवतो, त्या त्या ठिकाणी कोणते गुणधर्म भरलेले आहेत, याचा हिशेब आता संकलक ठेवतो आणि तेवढेच गुणधर्म मोकळे करून जागा परत करतो. अर्धवट वस्तूवर डीइनिट चालत नाही. उलटपक्षी, सर्व गुणधर्म भरून व मूलवर्गाचे आरंभण पुरे करून मग नकार दिला, तर वस्तू पूर्ण झालेली असल्याने डीइनिट चालते. आरंभकात एखादे साधन उघडून मध्येच नकार द्यावयाचा असेल, तर ते बंद करण्याचे काम डीइनिटवर विसंबून ठेवता येत नाही, हा यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष होय. सी++ भाषेतही असाच न्याय आहे : आरंभण अपुरे राहिलेल्या वस्तूचा विसर्जनविधी चालत नाही, फक्त तिच्या पूर्ण झालेल्या घटकांचा चालतो.

तेव्हा आजच्या स्विफ्टमध्ये उचित रचना अशी : आरंभकाच्या प्रारंभीच ‘गार्ड’ विधानांनी एकेक अट तपासावी, अट न भरल्यास तेथेच निल परत द्यावे आणि सर्व अटी उतरल्यावरच गुणधर्म भरावेत.

६. उपवर्ग आणि नकाराचे संक्रमण

स्ट्रक्टना वारसा नसतो, वर्गांना असतो. ‘पीकनोंद’ या मूलवर्गापासून ‘धाननोंद’ हा उपवर्ग काढला आणि त्यात लागवडीची पद्धत, म्हणजे रोवणी की आवत्या, व सिंचनाचे साधन, म्हणजे मामा तलाव, बोडी, कालवा की विहीर, हे गुणधर्म वाढविले, असे समजू. उपवर्गाचा आरंभक प्रथम आपले गुणधर्म भरतो आणि नंतर मूलवर्गाच्या आरंभकास पाचारण करतो. मूलवर्गाने नकार दिला, तर तो नकार तत्काळ वर पोहोचतो. उपवर्गाच्या आरंभकातील पुढील एकही ओळ चालत नाही, आणि उपवर्गाचे आधी भरलेले गुणधर्मही व्यवस्थित मोकळे केले जातात.

वारशाच्या बाबतीत दोन नियम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. मूलवर्गाचा आरंभक अपयशी होऊ शकणारा असेल, तर उपवर्गात त्याच्या जागी कधीही अपयशी न होणारा आरंभक लिहिता येतो. याच्या उलट मात्र करता येत नाही. कारण सरळ आहे. मूलवर्गाने ‘वस्तू नक्की मिळेल’ असे वचन दिले असता उपवर्गाने ते मोडणे योग्य नव्हे. पण मूलवर्गाने ‘मिळेल किंवा मिळणार नाही’ असे म्हटले असता उपवर्गाने ‘नक्की देतो’ म्हणणे हे वचन अधिक दृढ करणेच आहे. दुसरा नियम असा, की अपयशी न होणाऱ्या आरंभकाने अपयशी होऊ शकणाऱ्या आरंभकावर काम सोपविल्यास त्याचा परिणाम बळेच उघडावा लागतो. म्हणजे आतला आरंभक नकार देणार नाही याची हमी लेखकाने स्वतः घ्यावयाची असते.

७. नकाराचे कारण

निल हे उत्तर संक्षिप्त आहे, आणि तेच त्याचे न्यून होय. ‘नोंद झाली नाही’ एवढेच ते सांगते. का झाली नाही, हे सांगत नाही. जेथे कारण एकच असू शकते, तेथे हे पुरेसे आहे. चित्राचे नाव देऊन चित्र मागणारा ‘यूआयइमेज’ वर्गाचा आरंभक निल देतो तेव्हा त्या नावाचे वापरण्याजोगे चित्र सापडले नाही, हे उघडच असते. परंतु पीकनोंदीस नकार मिळण्याची कारणे अनेक : गट क्रमांक रिकामा, क्षेत्र शून्याहून अधिक नाही, ठिकाण मिळालेले नाही. शेतकऱ्यास यांपैकी कोणते, हे कळलेच पाहिजे. अन्यथा तो तीच माहिती तशीच पुन्हा भरील आणि पुन्हा तोच नकार घेईल.

अशा वेळी २०१५ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीतील त्रुटी-प्रक्षेपणाचा आधार घ्यावा. आरंभकास ‘थ्रोज’ असे विशेषण लावले, की तो निलच्या ऐवजी विशिष्ट त्रुटी फेकू शकतो आणि पडद्यावर ‘ठिकाण मिळाले नाही, मोकळ्या जागेत येऊन पुन्हा प्रयत्न करावा’ असे नेमके सांगता येते. अर्धवट वस्तूच्या विसर्जनाचे जे नियम वर सांगितले, ते येथेही लागू आहेत.

अँड्रॉइडसाठी वापरल्या जाणाऱ्या कोटलिन भाषेत रचनाकारकास निल परत देण्याची मुभा नाही. तेथे रचनाकारक खाजगी ठेवून एक स्वतंत्र फलन लिहितात. ते तपासणी करते आणि वस्तू किंवा ‘नल’ परत देते. मार्ग वेगळा असला, तरी तत्त्व एकच आहे : अग्राह्य वस्तू जन्मासच येऊ नये.

८. नकार कोठे द्यावा आणि कोठे देऊ नये

साधन हाती आले, की त्याचा अतिरेक होण्याचा संभव असतो. आरंभकाचा नकार जितका काटेकोर, तितकी नोंद शुद्ध, असा समज झाल्यास खऱ्या नोंदीही बाहेर राहतील. याचे एक बोधप्रद उदाहरण मराठी लिपीतच सापडते.

स्विफ्टमध्ये अक्षरमालेपासून पूर्णांक करणारा आरंभक अपयशी होऊ शकणारा आहे. इंग्रजी अंकांत लिहिलेली संख्या दिली, तर तो तिचा पूर्णांक देतो. पण ‘१२३’ अशी देवनागरी अंकांतील संख्या दिली, तर तो निल देतो, कारण तो शून्य ते नऊ हे इंग्रजी अंकच ओळखतो. मराठी कळफलक वापरणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या लिपीत बिनचूक लिहिलेली संख्या केवळ लिपीपायी नाकारली जावी, हा दोष शेतकऱ्याचा नसून तपासणी लिहिणाऱ्याचा होय. त्यावर उपायही कठीण नाही. प्रत्येक अक्षराचे अंकमूल्य विचारणारा ‘होलनंबरव्हॅल्यू’ हा गुणधर्म भाषेतच उपलब्ध असून तो देवनागरी अंकही ओळखतो. त्याच्या साहाय्याने अंक प्रथम एकरूप करून घ्यावेत आणि मग तपासावेत. शिवाय गट क्रमांक ही मुळी गणितातील संख्याच नव्हे. ‘१२३/१/अ’ असा उपविभागासह क्रमांक सर्वत्र आढळतो. त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाही. तो अक्षरमाला म्हणूनच साठविला पाहिजे.

दुसरी मर्यादा अशी, की आरंभकाने फक्त आपल्या वस्तूपुरतेच पाहावे. एका गटाचे एकूण क्षेत्र ८० आर आहे, असे धरू. त्यात धानाखाली ६० आर व दुसऱ्या पिकाखाली २५ आर अशा दोन नोंदी झाल्या, तर त्यांपैकी कोणतीही नोंद स्वतंत्रपणे अग्राह्य नाही. दोहोंची बेरीज ८५ आर होते, हा दोष गटाचा आहे. म्हणून त्याची तपासणी ‘गट’ या वर्गात, नवी नोंद जोडून घेतेवेळी व्हावी; ‘पीकनोंद’च्या आरंभकात नव्हे. मात्र क्षेत्राच्या रकान्यात उणे संख्या आली, तर ती आरंभकानेच अडवावी, कारण ती कोणत्याही गटात अग्राह्यच आहे.

तिसरे असे, की जे केवळ असंभाव्य आहे ते अशक्य मानू नये. एखाद्या गटात नेहमीपेक्षा वेगळे पीक नोंदविले गेले, तर शंका घेण्यास जागा आहे; पण नकार देण्यास नाही. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तूर लावण्याची चाल या भागात जुनी आहे, आणि धुऱ्याचे क्षेत्र अल्प असते म्हणून तेथील तूर खोटी ठरत नाही. शंकेच्या ठिकाणी सूचना द्यावी, खात्री करून घ्यावी आणि नोंद होऊ द्यावी.

९. समारोप

वरील विवेचनाचे सार असे. आरंभक हा वस्तूच्या पूर्णतेची हमी देणारा घटक आहे. ही हमी राखावयाची, तर त्यास नकार देण्याचा अधिकार हवा, आणि तो अधिकार उघडपणे नोंदलेला हवा. वर्गांच्या बाबतीत हा अधिकार वापरण्यासाठी अर्धवट वस्तूच्या विसर्जनाची नेमकी व्यवस्था लागते. २०१६ पासून ती स्विफ्टमध्ये उपलब्ध आहे, आणि म्हणून त्यापूर्वीच्या पळवाटा आज चालू ठेवण्याचे प्रयोजन नाही. नकाराचे कारण एकाहून अधिक असल्यास निल न देता त्रुटी फेकावी. आणि नकाराच्या अटी लिहिताना, ज्याच्या माहितीवर त्या लागू होणार आहेत त्याची लिपी, त्याचे शेत व त्याची वहिवाट यांचा विचार करावा.

धानखरेदीच्या केंद्रावर उभ्या असलेल्या माणसाला वर्ग, आरंभक, वैकल्पिक मूल्य यांपैकी एकही शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याची नोंद एक तर नीट झालेली असते, किंवा झालेली नाही हे त्याला वेळेवर, शेतात असतानाच, सांगितले गेलेले असते. या दोहोंखेरीज तिसरी स्थिती उद्भवू न देणे, एवढेच आज्ञावली लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे.